माटोळीचे तवसे

गोवा राज्य झाले, त्या वर्षीची चवथ. मी नऊ वर्षांची होते. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी टांगतात, तिच्यासाठी बाबांनी परसातल्या वेलीवर एक तवसे, म्हणजे मोठी काकडी, राखून ठेवले होते. माटोळीला लागेपर्यंत नवे फळ कोणी तोंडात घालायचे नाही, हा पेडण्यातल्या आमच्या घरचा नियम. चवथीच्या आदल्या दुपारी विहिरीमागे बसून मी ते खाऊन टाकले. माकडांनी नेले असेल, असे बाबा म्हणाले. मला काहीच वाटले नाही. देवाची भीतीसुद्धा नाही. देठाकडे ते कडू निघाले, याचा तेवढा राग आला.

दुसऱ्या दिवशी पूजेनंतर बाबांनी गाऱ्हाणे घातले. कर्ता माणूस देवाशी मोठ्याने बोलतो आणि बाकीचे त्याला होकार देतात. बाबा म्हणाले, "पोरांच्या हातान काय चूक झाली आसात, तर ती माझ्या माथ्यार घाल आणि तेंका सुखी ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हणाले, सवयीने, सगळ्यांत मोठ्याने.

म्हटल्यावर कळले, कशाला होकार दिला ते.

माणूस शिक्षेच्या भीतीने सरळ वागतो, असे पुढे पुष्कळांनी मला समजावले. त्यांचे तसे असेल. माझी शिक्षा तर मी तेव्हाच दुसऱ्याला देऊन मोकळी झाले होते.

बाबा नमस्काराला वाकले, तेव्हा मी त्यांच्या माथ्याकडे पाहिले. तिथले केस विरळ झाले होते.