दोन बोटं खाली

माझ्या मावशीला सगळे टाचणीमावशी म्हणत. ओठांत कायम टाचण्या धरलेल्या. त्या काढून ती जे बोलायची, त्यापेक्षा टाचण्या परवडल्या. तीस वर्षं तिनं लग्नाचे पोशाख शिवले. शेवटची सात वर्षं मी तिच्या हाताखाली होते.

तिचा एक नियम होता. माप घेताना आरशावर चादर टाकायची आणि बरोबर आलेल्यांना बाहेरच्या बाकावर बसवायचं. "आरसा दिसला की माणूस पोट आत घेतं," ती म्हणायची. "तशा मापाचं शिवलं, तर स्वतःच्या लग्नात जेवायचं कसं?" स्वतःच्या लग्नात ती थोरल्या बहिणीचा घट्ट पोशाख घालून दिवसभर श्वास रोखून उभी होती. तो फोटो तिनं कधीच भिंतीवर लावला नाही.

हा नियम माझ्यादेखत तिनं एकदाच मोडला. शाळेत शिकवणारी एक मुलगी आईबरोबर आली होती. दुकानात ही गर्दी, आणि आई काही जागची हलेना. "सरळ उभी राहा," एवढंच सारखं चाललेलं. आरसा उघडाच राहिला. मावशीनं टेप लावली, मी आकडे लिहिले. दोन्ही खांदे सारखे.

ट्रायलच्या दिवशी मुलगी शाळेतून थेट आली, दमलेली. पोशाख अंगात चढला आणि डावीकडून घसरला. तिचा डावा खांदा दोन बोटं खाली होता. लहानपणी जिन्यावरून पडली, हाड नीट जुळलं नाही. माप घेताना तिनं तो उचलून धरला होता, आणि मावशीसारख्या बाईला ते कळलं नव्हतं.

"पॅड घाला की आत," आई म्हणाली.

"मला पॅड नको," मुलगी म्हणाली. "निदान लग्नाच्या दिवशी तरी मला माझ्यासारखं उभं राहू दे."

"अगं, लोक बघतील."

"बघू देत. मलाच बघायला येणार आहेत ना?"

मावशीनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. आता आईची धडगत नाही, असं मला वाटलं. पण ती हळूच म्हणाली, "चूक माझी आहे. तुमच्या धाकात उभ्या राहिलेल्या पोरीचं माप घेतलं मी."

तिनं आरशावर चादर टाकली. खांद्याची शिवण तिथल्या तिथं उसवली. आईला मात्र बाकावर पाठवलं नाही. मुलीनं डोळे मिटले आणि खांदा सोडून दिला.

आई बघतच राहिली. "सहाव्या वर्षापासून हिच्या प्रत्येक कपड्यात मीच पॅड शिवत आले," ती म्हणाली. मग मुलीकडे वळून, "टोचायचं का गं तुला?"

"पॅड नाही टोचायचं, आई. घरातून निघताना रोज तू ते चाचपून बघायचीस ना, ते टोचायचं."

मला मान वर करवेना. मावशीनं टेपचं एक टोक आईपुढे धरलं. "घ्या. हे खांद्यावर तुम्हीच धरा."

आईनं ते डाव्या खांद्यावर ठेवलं, जिथं तो होता तिथंच. मावशीनं आकडा सांगितला, मी लिहून घेतला, टेप गुंडाळून झाली. आईचा हात तिथंच होता.