मामांचा भंडारा

शुभाच्या आजारपणात मी रोज देवीपुढे उभा राहत होतो, पण तिचा जीव मागायचा मला धीर होत नव्हता. मी स्वतःसाठी शिक्षा मागत होतो. शुभा सात वर्षांची, आमची एकुलती एक मुलगी. तिला रक्ताचा कॅन्सर होता. बंगळूरच्या इस्पितळात पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नात्यातलं लग्न का?" मी मान खाली घातली. माझी बायको सुमन ही माझ्या सख्ख्या मामांची मुलगी. आमच्या निपाणीकडे त्यात कुणाला वावगं वाटत नाही. उलट मामाची मुलगी सोडून बाहेरची केली तर लोक कारण विचारतात. या आजाराचं ते कारण नव्हे, असं डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं. सुमनला ते पटलं. मला पटलं नाही. बंगळुरातल्याच राजाजीनगरच्या आमच्या घरातून कारखान्यात जाता-येता एकच विचार डोक्यात असायचा, की हे माझ्यामुळे झालं.

उपचारांचे पहिले कठीण महिने पार पडले आणि आजार आटोक्यात आला. मग घरी घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या. इतर मुलं त्याच गोळ्या घेऊन शाळेत जात होती. शुभाच्या तोंडात मात्र फोड आले, ताप चढला, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला गेल्या. गोळ्या थांबवल्या की ती सावरायची. सुरू केल्या की पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दाखल केलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या दिल्या तर जंतुसंसर्गाची भीती, बंद केल्या तर आजार उलटायची. घरात कुणाला एखादं औषध असं बाधल्याचं आठवतं?" मी नाही म्हणालो. खरं तर मी आठवूनच पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामा निपाणीहून आले, हातात देवीच्या भंडाऱ्याची पुडी घेऊन. नर्सने त्यांना वॉर्डच्या दारातच अडवलं.

"अज्जा, हळद, अंगारा, काही आत न्यायचं नाही."

"हळद नव्हे बाई, भंडारा आहे. नातीच्या कपाळाला बोट लावतो नि जातो."

आवाज चढला. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मी मामांचा हात धरून पुटपुटलो, "मामा, पुरे आता. लोक बघतायत."

"बघू देत! जावई झालास म्हणून मामाला गप्प बसवतोस होय रे, भाचोबा?" मग डॉक्टरीणबाईंकडे वळून त्यांनी कन्नडमध्ये सुरू केलं, "माझं रक्त असंच पाणी झालं होतं. अंगावर फोड यायचे म्हणून मिरजेच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. महिन्याभरात तोंड सोललं, पेशी संपल्या. या भंडाऱ्यानं वाचलो मी!"

शरमेने मी डोळे मिटले. ही कथा मी प्रत्येक लग्नात, बारशात ऐकलेली. पोरं मामांची नक्कल करायची.

"कुठल्या गोळ्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मामांनी शिवी हासडावी तसं नाव घेतलं, "अझाथायोप्रिन."

त्या तिथेच बाकावर मामांशेजारी बसल्या. पेन काढून त्यांनी कागदावर मामा, माझी आई, सुमन, मी आणि शुभा असे गोल काढले. मामांच्या त्या औषधाचं शरीरात गेल्यावर शुभाच्याच औषधात रूपांतर होतं, त्या म्हणाल्या. बहुतेकांचं शरीर ते वेळीच निकामी करतं. काहींना ती ताकद जन्मतःच नसते, आणि मग नेहमीची मात्रा अंगात साठून विषासारखी होते. हा उणेपणा शुभाला दोन्हीकडून आला असावा. मामांकडून सुमनमार्फत, आणि मामांच्या बहिणीकडून, म्हणजे माझ्या आईकडून, माझ्यामार्फत. खात्री करणारी तपासणी तेव्हा आमच्या आवाक्यात नव्हती.

"म्हणजे शेवटी नात्यातल्या लग्नामुळेच," मी म्हणालो.

"औषध न सोसण्यात त्याचा वाटा असेल. पण आता मात्रा किती द्यायची याचा मला अंदाज आला. तुम्हाला रडायचं ते नंतर रडा, अण्णा."

पेशी वाढल्यावर गोळीचा अगदी लहान तुकडा, तोही रोज नाही, असं सुरू झालं. दर आठवड्याला रक्त तपासलं जाई. या वेळी पेशी टिकल्या. मामा म्हणाले, देवीनं केलं. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "सरी, बरं, देवीनंच म्हणा. पण तपासणी चुकवू नका." मी त्या वादात पडलो नाही, आजही पडत नाही.

शुभाचे उपचार पूर्ण झाले, ती शाळेत जाऊ लागली. मला एवढंच कळलं, की इतके दिवस मी देवीपुढे फक्त माझा अपराध नेऊन ठेवत होतो. त्या अपराधाने मला इतकं व्यापलं होतं, की सरळ प्रश्न विचारल्यावरही घरातली सर्वांना पाठ असलेली गोष्ट मला आठवली नाही. शरण जायचं म्हणजे स्वतःला सारखं दोषी ठरवत राहायचं नव्हे, हे मला उशिरा उमगलं. मी मागितलेली शिक्षा देवीने दिली नाही. मी जे तोंड बंद करू पाहत होतो, त्याच तोंडून तिने उत्तर दिलं.

आता मामांच्या कथेत शुभाचाही भाग आला आहे. ते सांगू लागले की पोरं हळूच उठून जातात. मी हात जोडून शेवटपर्यंत बसतो.