संग्रहालयातली प्रदक्षिणा

आमच्या घरात एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते: नात सहा वर्षांची असताना संग्रहालयात माझा हात झटकून पळाली. ही गोष्ट मीच रचली.

त्या दुपारी मी नातवंडांना विद्यापीठातलं कलासंग्रहालय दाखवायला नेलं होतं. नातू तिच्याहून चारेक वर्षांनी मोठा. ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी चालली. मूर्ती दिसली की चपला काढायच्या, हात जोडायचे, जमलं तर प्रदक्षिणा घालायची. दगडी विष्णूपुढे मी तेच केलं. हात जोडायचे म्हणून नातीचा हात सोडला.

"पंडितजी, चप्पल पहनिए. ये मंदिर नहीं है," पहारेकरी म्हणाला.

नातू फिदीफिदी हसला. "आजोबा, दक्षिणा पण ठेवा ना!"

तेवढ्यात वीज गेली. डोळे सरावले तेव्हा नात शेजारी नव्हती.

ती आतल्या दालनात सापडली. तिथे मधोमध एक रिकामा चौथरा होता. त्यावरची मूर्ती दुरुस्तीला नेलेली. झरोक्यातून जेमतेम उजेड येत होता. त्या चौथऱ्याभोवती ती संथ चालत होती, उजवा हात वर करून, मोठ्या माणसाचं बोट धरून मूल चालतं तशी. मी दारातून हाक मारली.

"थांबा ना आजोबा," मान न वळवता ती म्हणाली, "एक फेरी राहिलीय."

मग हाक कुठून आली ते तिच्या ध्यानात आलं. तिने माझ्याकडे पाहिलं, नंतर वर धरलेल्या हाताकडे. ती ओरडली नाही. नुसता हात फ्रॉकला पुसत राहिली.

घरी सुनेने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "हात झटकून पळाली."

"आजोबांनी धरला होता," नात सांगत राहिली, आणि खोटं बोलते म्हणून तिने मार खाल्ला. मी गप्प बसलो.

यंदा तिला शिकायला पुण्याला जायचं होतं. जेवताना मुलगा म्हणाला, "जिला आजोबांचा हात धरून राहता आलं नाही, ती परगावी काय राहणार?"

"भागने में तो एक्सपर्ट है," नातवाने पुस्ती जोडली.

ती ताटावरून उठू लागली. मी म्हणालो, "बस. हात मी सोडला होता. तिने नाही."

मुलाचा घास हातातच राहिला. "आणि आम्ही तिला मारलं," एवढंच तो बोलला. दुसऱ्या दिवशी त्याने तिचं तिकीट काढलं.

निघण्याआधी नात माझ्याजवळ येऊन बसली. मी माफी मागू लागलो, तर म्हणाली, "तो हात तुमचा नव्हता, हे मला पुढे कळलंच होतं. चौथरा माझ्या डावीकडे होता, आजोबा. तुम्ही मला तसं कधी फिरवलं नसतं."

तशी उलटी फेरी आमच्यात चितेभोवती घालतात. मी ती दारातूनच पाहिली होती. हात मी सोडला असं कबूल केलं असतं, तर मग धरला कुणी, हे सांगावं लागलं असतं.