दवाखान्यात न आणलेली घोडी

घोडीच्या हनुवटीखाली हात घालून मी तिचं तोंड जरासं वर उचललं, आणि तिच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक पांढरट पडदा सर्रकन बुबुळावर आला. हात काढला, पडदा मागे गेला. पुन्हा उचललं, पुन्हा आला. हे वर्णन मी कॉलेजात परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. जिवंत घोडीच्या डोळ्यात ते पहिल्यांदाच दिसलं.

"काय झालं साहेब?" मालकानं विचारलं.

"धनुर्वात," मी म्हणालो.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. जालना तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, औरंगाबादेतच मोडायचा. मी जाफराबाद तालुक्यातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. नोकरीला तिसरं वर्ष चालू होतं, म्हणजे आपल्याला सगळं येतं असं वाटायचं वय. रोजचं काम बैल, म्हशी आणि शेळ्यांचं. घोडा महिना-दोन महिन्यांतून एखादा.

घोडीचे मालक कचरूभाऊ. टेंभुर्णीच्या अलीकडे एक गाव आहे, नाव सांगत नाही, तिथल्या बौद्ध वस्तीत त्यांचं घर. त्या गावात लग्नाला भाड्यानं घोडा देणारं एकच घर होतं. पण वस्तीतल्या नवरदेवासाठी विचारायला गेलं की घोडा नेमका लंगडत असायचा. कधी त्याला ताप असायचा, कधी तो पाहुण्यांकडे गेलेला असायचा. स्पष्ट 'नाही' कुणी म्हणत नसे. म्हणून कचरूभाऊंनी यात्रेतून एक शिंगरू आणलं, तीन वर्षं पोटच्या पोरासारखं वाढवलं आणि हलगीच्या ठेक्यावर पाय टाकायला शिकवलं. त्यांचा पुतण्या सुखदेव शाळेत गुरुजी होता. त्याचं लग्न ठरलं होतं. वेशीपासून चावडीवरून वस्तीपर्यंत घोड्यावर बसून वाजत-गाजत जाणारा तो वस्तीतला पहिला नवरदेव ठरणार होता. गावात महिनाभर याचीच कुजबुज होती.

मी घोडीला हात लावला तेव्हा लग्न चार दिवसांवर आलं होतं. पण त्याआधी दोन दिवस कचरूभाऊ दवाखान्यात येऊन गेले होते, आणि खरी गोष्ट तिथंच घडली.

सोमवारचा दिवस, दवाखान्यात गर्दी. कचरूभाऊ एकटेच आले. जयभीम घालून बाजूला उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा मी एका बैलाच्या खांद्याला मलम लावत होतो. घोडी हट्टाला पेटली आहे, ते म्हणाले. शेपटी वर करून, मान ताणून, ऐटीत उभी राहते, पण ठेक्यावर पाय टाकत नाही. नाच शिकवणाऱ्या उस्तादाचं म्हणणं होतं की तिला मस्ती आली आहे, कानाशी हलगी वाजवा म्हणजे उतरेल. हरभरा कमी करू का, एवढंच त्यांना मला विचारायचं होतं.

मी मान वर न करता सल्ला दिला. हरभरा निम्मा करा, कोंडा द्या, रोज दोन तास चालवा, शिकवणं बंद करू नका. अगदी ठणकावून सांगितलं. ते बरं म्हणून निघून गेले. सहा मैल चालत आलेला माणूस जनावर बरोबर का आणत नाही, हे काही मी विचारलं नाही.

विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की तिला वळताच येत नाही. मान, पाठ आणि पाय एकाच लाकडाचे असल्यासारखी ती आख्खी फिरते. वाटेतला चर तिला ओलांडता येईना, म्हणून त्यांनी तिला परत नेऊन बांधलं होतं. हे सगळं बुधवारी त्यांचा निरोप आल्यावर, मी सायकल काढून त्यांच्या गोठ्यात गेल्यावर कळलं.

धनुर्वात म्हणजे साध्या भाषेत असं. माती आणि लिदीत एक जंतू असतो. खोल, बंद जखमेत तो शिरला की तिथं विष तयार होतं आणि ते अंगातले स्नायू आवळत जातं. जनावर बाजेसारखं चार पायांवर ताठ उभं राहतं, शेपटी वर होते, कान टवकारतात. माहीत नसलेल्याला ती ऐट वाटते. पुढे दातखीळ बसते. आणि मुख्य म्हणजे आवाज सोसत नाही. त्या दिवशी गोठ्यात कुणीतरी बादली खाली ठेवली. तिची कडी वाजली तेवढ्यानं घोडीच्या सगळ्या अंगातून एक झटका गेला. आणि गेले दोन दिवस माझ्या सल्ल्यानं तिच्या कानाशी हलगी वाजत होती. ते आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

जखम मी शोधून काढली. दहा दिवसांपूर्वी लग्नासाठी म्हणून नवे नाल ठोकले होते. मागच्या उजव्या पायात खिळा आत मांसात गेला, रक्त आलं, नालबंदानं तो उपटून तिथं हळद-तेल दाबलं आणि शेजारी दुसरा ठोकला. मी नाल काढला, खुराचं भोक चाकूनं मोठं केलं. काळा, घाण वासाचा पू आला. जखम धुतली, पेनिसिलिन दिलं. सीरम म्हणजे विष मारणारं औषध माझ्याकडे नव्हतं. सुखदेव गुरुजी लगेच एसटीनं जालन्याला गेले. तिथल्या मस्तगड भागापासून सुरुवात करून तीन मेडिकल दुकानं त्यांनी पालथी घातली. माणसाला लागतं बोटभर, घोड्याला लागतं ओंजळभर. मिळालं तेवढं संध्याकाळी घेऊन आले.

सगळं टोचून झाल्यावर मी बाकीचं सांगितलं. गोठ्यात पूर्ण अंधार हवा. दाराला पोती लावा. कानात कापूस घाला. पाणी आणि पातळ पेज तिच्या तोंडाच्या उंचीवर ठेवा, तिला मान खाली घालता येत नाही. आणि निदान पंधरा दिवस कसलाही आवाज नको.

गोठा विहाराला लागून होता. विहारासमोरच मांडव उभा राहत होता. बॅंड ठरला होता, लाऊडस्पीकर सांगून ठेवला होता, मुलीकडची मंडळी बदनापूरहून यायची होती.

नवरदेवाचे वडील दौलतराव, म्हणजे कचरूभाऊंचे थोरले भाऊ, दाराशी बसले होते. ते आता बोलले. "साहेब, तुमचं बराबर असंल. पण घोडी गेली तर दुसरी आणता येती. वाजंत्री बंद करून गेलो ना, तर गाव म्हणंल, भेले. ते पुसता येत न्हाई."

"दुसरीकडं हलवता येत न्हाई का?" सुखदेवनं मला विचारलं.

नाही, मी म्हणालो. चालता येत नाही, आणि बैलगाडीच्या हिसक्यांनी वाटेतच जीव जाईल. लग्नाची तारीख पुढे ढकलायला मुलीकडचे तयार नव्हते, त्यांच्या घरी पत्रिका वाटून झाल्या होत्या. दौलतराव बोलले ते खोटं नव्हतं. कचरूभाऊ घोडीच्या मानेवर हात ठेवून उभे होते.

"वाचायचा चान्स किती?" सुखदेवनं विचारलं. शिक्षक माणूस, हिशेबानं विचारत होता.

"शांतता राहिली तर रुपयात सहा आणे. आवाज झाला तर काहीच नाही."

"अन् दोन दिवस आधी कळलं असतं तर?"

"बारा आणे तरी."

तो अगदी हळू म्हणाला, "काका आल्ते ना तुमच्याकडं."

मी सांगितलं. चूक माझी आहे, मी घोडी न बघता बोललो. एवढंच सांगता आलं. कुणी आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. कचरूभाऊ म्हणाले, "मीबी सांगायचं होतं, पायातून रक्त आल्तं म्हणून." त्यांनी निम्मी चूक स्वतःच्या पदरात घेतली. ती त्यांची नव्हती.

शेवटी तोड सुखदेवनंच काढली. वेशीपासून चावडीवरून बॅंड वाजणार, जेवढा ठरला होता तेवढाच वाजणार. घोडी नाही म्हणून नवरदेव पायी चालेल, पण रस्ता तोच. वस्तीच्या अलीकडच्या विहिरीपाशी बॅंड थांबेल. तिथून पुढे कुणी बोलणार नाही. मांडवात लाऊडस्पीकर नाही. दौलतराव तावातावानं उठून गेले. दोन दिवस ते मुलाशी बोलले नाहीत, असं मला नंतर समजलं.

लग्नाला मी गेलो. घोडीला इंजेक्शन द्यायचं होतंच. वरात चावडीपुढे आली तेव्हा ओट्यावर पंधरा-वीस माणसं बसली होती. त्यातला एक जण हसत म्हणाला, "गुरुजी, घोडी कुठंय?"

बॅंड एकदम थांबला. सुखदेवही थांबला. "आजारी हाये," तो म्हणाला. "तुमचा घोडा देता का? आज तर लंगडत न्हाई दिसत."

घोडा समोरच्या गोठ्यात कडबा खात उभा होता, सगळ्यांना दिसत होता. सुखदेवनं उत्तराची वाट पाहिली, मग बॅंडवाल्यांना हात केला आणि वरात पुढे निघाली. मला वाटतं, घोड्यावर बसून गेला असता तर त्याला एवढं उत्तर देता आलं नसतं.

विहिरीपाशी बॅंड थांबला. वाजंत्रीवाल्यांनी ताशा, ढोल खाली ठेवले आणि तिथंच सावलीला बसले. दोनशे माणसं पुढे चालत आली, आणि मला फक्त चपलांचा आवाज ऐकू येत होता. बदनापूरची मंडळी आधी बावरली, मग कुणीतरी त्यांना कानात सांगितलं. बायकांनी लहान पोरं छातीशी धरली. त्रिशरण-पंचशील सगळ्यांनी पुटपुटल्यासारखं म्हटलं. मी गोठ्यात घोडीजवळ उभा होतो. पलीकडे लग्न लागलं आणि घोडीच्या अंगातून एकही झटका गेला नाही.

तरी ती वाचली नाही. लग्नानंतर चौथ्या दिवशी दुपारी छातीचे स्नायू आवळले आणि ती उभीच्या उभी कोसळली. मी पोचेपर्यंत खेळ आटोपला होता.

अंगणात वस्ती जमली होती. आता पुढचं सांगणं माझं काम होतं. अशा जनावराचं कातडं काढायचं नाही, चुना टाकून खोल पुरायचं. पण गावातली मेलेली जनावरं ओढण्याचं काम या माणसांच्या वाडवडिलांवर लादलेलं होतं. धर्म बदलला त्या वर्षी वस्तीनं शपथ घेऊन ते टाकून दिलं. त्यापायी त्यांनी काय काय सोसलं, ते मी ऐकून होतो. ती शपथ मोडायची भाषा मी कशी काढणार होतो? तालुक्याहून माणसं बोलावतो, असं मी चाचरत म्हणालो.

दौलतराव कुदळ घेऊन पुढे आले. 'मी म्हणालो नव्हतो का' असं काही त्यांनी ऐकवलं नाही.

"वीस वर्षं झाली, मेल्याला हात लावला न्हाई," ते म्हणाले. "ते गावचं होतं. हे घरचं हाये."

त्यांनी स्वतःच्या जमिनीच्या तुकड्यातल्या लिंबाखाली पहिली कुदळ मारली. मग सुखदेव, मग बाकीचे. हळद अजून अंगावर असलेला नवरदेव खड्ड्यात उतरून माती उपसत होता. मीही शर्ट काढून खाली उतरलो. कुणी नको म्हणालं नाही, कुणी या म्हणालं नाही. खड्डा भरून होईस्तोवर ऊन उतरलं होतं. कचरूभाऊंनी मला हातपाय धुवायला पाणी दिलं आणि चहा घेऊन जा म्हणाले.

पुढे तीस वर्षं मी नोकरी केली. कुणी जनावर न आणता सल्ला विचारायला आला, की मी हातातलं काम थांबवून आधी एकच गोष्ट विचारायचो, जनावर का नाही आणलं. नवे डॉक्टर याला हसायचे. त्यांना वाटायचं, म्हातारा उगीच चौकशा करतो.