साडेपाच तास मागे

फोनवर विनूचं नाव झळकलं, म्हणून मी सवयीनं “बोला महाराज, आज कुणाचं मशीन मारलंत?” असं म्हणालो, आणि पलीकडून त्याची मुलगी प्राची रडायला लागली. त्याच्याच फोनवरून ती एकेकाला कळवत होती. आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत विनू कुणाचा तरी दुरुस्त केलेला संगणक मांडीवर घेऊन बसला होता. बोट दिघीला पोहोचली, गाड्या उतरल्या, माणसं उतरली, हा बसूनच. खलाशाला वाटलं डुलकी लागली असेल. त्यानं खांद्याला हात लावला तेव्हा कळलं. दोन्ही हात खोक्याभोवती घट्ट होते, म्हणे. या गोष्टीला आता तीनेक महिने होत आले, पण त्या दुपारी मी त्याच्या नावाशी थट्टा केली आणि उत्तर दुसऱ्याच आवाजात आलं, ते अजून कानातून जात नाही.

विनायक कोळ्याच्या घरात जन्मला आणि त्याला भर समुद्रात उलट्या व्हायच्या. बापानं दोन हंगाम बोटीवर नेऊन पाहिलं आणि हात जोडले. मग यानं मुरूडला संगणक शिकवायचा आणि दुरुस्त करायचा गाळा टाकला. मी न्हावा शेव्याच्या बाजूला एका मालवाहतूक कंपनीत संगणकच सांभाळतो, त्यामुळे आमची शाळेपासूनची मैत्री पुढे धंद्याच्या भांडणांवर पोसली गेली. त्याचं खास काम म्हणजे एका मशीनवर दोन संसार मांडणं. एकीकडे विंडोज, दुसरीकडे लिनक्स, मधे भिंत. चालू केलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात, हवी ती निवडायची. कॉलेजची मुलं तालुक्याभरातून त्याच्याकडे यायची. पण तो डिस्कला हात लावायच्या आधी मालकालाच मशीन पुरतं बंद करायला लावायचा. हल्ली विंडोज बंद केलं तरी ते पुरतं बंद होत नाही, आतल्या आत झोपून राहतं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता यावं. घाईघाईत एखाद्यानं तसंच दुसरीकडून आत शिरून काही हलवलं की फायलींची वाट लागते. विनू त्या मुलांना दटावायचा, “अरे, माणूस झोपलाय घरात. तो गेलाय असं समजून सामान काय हलवतोस?”

त्याच्या स्वतःच्या घरचं मशीन पडवीत, खाडीकडच्या खिडकीशी होतं. त्यातल्या मेनूमध्ये त्यानं विंडोज आणि लिनक्स ही नावं पुसून टाकली होती. वर ‘विनायक’, म्हणजे लिनक्स, आणि खाली ‘सुलभा’, म्हणजे विंडोज. सुलभावहिनी संध्याकाळी दिवाबत्ती झाली की आपल्या बाजूला शिरायच्या आणि तळा गावात दिलेल्या बहिणीशी व्हिडिओवर बोलत बसायच्या. त्याच्या बाजूचा पासवर्ड त्यांनी कधी विचारला नाही आणि यानं कधी सांगितला नाही. मी एकदा चिडवलं, तर वहिनी म्हणाल्या, “त्यांच्या घरात मला काय काम हाय, भावजी? माझं घर मला पुरतंय.”

आता घड्याळाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. अशा दुहेरी मशीनमध्ये घड्याळ एकच असतं आणि ते वाचायची रीत दोन्हीकडे वेगळी. विंडोजला त्यात इथली वेळ हवी असते, लिनक्स त्यात जगाची प्रमाणवेळ लिहून ठेवतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. म्हणून विनू आपल्या बाजूला काम करून गेला, की नंतर वहिनींच्या पडद्यावरचं घड्याळ साडेपाच तास मागे पडलेलं असायचं. दिवेलागणीला बसावं तर भर दुपार! पुढे ते आपलं आपण ताळ्यावर यायचं. हे दुरुस्त करायला एका ओळीची आज्ञा पुरते. गिऱ्हाइकांच्या मशीनवर तो ती न चुकता द्यायचा, घरच्या मशीनवर मात्र नाही. मी विचारलं तेव्हा हसला नुसता. “राहू दे रे. हिला कळतं, मी येऊन गेलो ते.”

तो गेल्यावर महिन्याभरानं प्राचीचा फोन आला. आईला ती पनवेलला आपल्या घरी न्यायला आली होती आणि आई हलायला तयार नव्हती. “काका, आई म्हणते, बाबा येतात. घड्याळ मागे पडतं, म्हणते. तुम्ही ते एकदाचं नीट करा ना, प्लीज. तिला इथं एकटीला ठेवून मी कशी जाऊ?” मी तर्कानं चालणारा माणूस. रविवारी सकाळी हत्यारं घेऊन पोहोचलो.

वहिनींनी चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, “आठवड्यातून एकदा तरी येतात, भावजी. मी वाडीत गेले की. परत येते तं मशीन चालू, त्यांचं नाव लागलेलं. मग मी माझ्याकडं जाते तं घड्याळ मागं.”

कारण सापडायला मला फार वेळ लागला नाही. गेलेली लाइट परत आली की मशीन, मग ते बंद करून ठेवलेलं असलं तरी, आपोआप चालू व्हावं, अशी सोय विनूनंच करून ठेवली होती, त्याची मोठमोठी डाऊनलोड अडकू नयेत म्हणून. खाऱ्या वाऱ्यानं आमच्याकडे लाइट सारखी जाते. ती आली की मशीन उठणार, मेनूसमोर कुणी नसणार, थोडा वेळ वाट बघून ते वरची ओळ उचलणार, म्हणजे विनूची. मग तिथं बसून घड्याळ आपल्या रीतीनं लावणार. मी हे मायलेकींना समजावलं आणि खात्री पटावी म्हणून मेन स्विच पाडून पुन्हा वर केला.

पंखा फिरायला लागला. मशीनमध्ये एक टिक झाली. काळ्या पडद्यावर दोन नावं आली, ‘विनायक’वर पांढरी पट्टी होती, आणि आम्ही तिघंही हात बांधून उभे. मग पडदा निळा झाला, मधोमध त्याचं नाव आलं, खाली पासवर्डची रिकामी चौकट आणि तिच्यात उघडमीट करणारी ती बारीक रेघ... सगळं मला ठाऊक होतं, मीच करून दाखवत होतो, तरी मी पाऊलभर मागे सरकलो. शेजारी बघितलं तर वहिनींनी नकळत पदर सारखा केला होता, घरचा माणूस दारात आल्यावर करतात तसा.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “असेच येतात.”

“आई, अगं काकांनी आत्ता सांगितलं ना...”

“मी ऐकलं ना, बाय. लाइट आली की येतात. मी कुठं म्हणते, चालत येतात?”

प्राची जमिनीवर बसून रडायला लागली. मी विचारलं, एका ओळीचं काम आहे, करून टाकू का? वहिनी माझ्याकडे बघत म्हणाल्या, “एका ओळीचं हाय, तं त्यांनी का न्हाय केलं?” मी हत्यारं पिशवीत परत टाकली. वहिनी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवायला लागल्या. “येते मी तुझ्यासंगती. पण मेन स्विच पाडायचा न्हाय. घराला कुलूप लावा, स्विच चालू ऱ्हाऊ द्या.” रिकाम्या घरात वीज चालू ठेवू नये, हे मी एरवी कुणालाही सांगितलं असतं. तिथं मान डोलावली.

त्या पनवेलला गेल्यावर समोरची हिराबाय मला खबर द्यायची. लाइट गेली, आली, बंद घराच्या खिडकीत निळा उजेड पडला. वाडीतली पोरं त्या बाजूनं जाईनाशी झाली. मग एकदा ती म्हणाली, उजेड पडलाय, पण लाइट तर गेलीच नव्हती. क्षणभर विजेचा दाब उतरला असेल, दिव्यांना कळत नाही, मशीनला कळतं. मी वहिनींना फोनवर जसंच्या तसं सांगितलं, खुलाशासकट.  त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “भावजी, मी घरात न्हाय, हे त्यांना कुणी सांगितलंच नसंल.”

त्या वाक्यानंतर माझं कामात लक्ष लागेना. रविवारी गेलो, कुलूप काढलं. पडवीत मासळी आणि बंद घर यांचा वास होता. पडद्यावर त्याचं नाव होतं आणि ती रेघ उघडमीट करत होती. मी खुर्ची ओढली, पण बसलो नाही, ती त्याची होती. खिडकीतून कुणी बघत नाही ना, हे पाहून घेतलं आणि मोठ्यानं म्हणालो, “विनू, वहिनी पनवेलला आहेत. प्राचीकडे. बऱ्या आहेत.” माझाच आवाज मला परका वाटला. मशीन बंद केलं, कुलूप लावलं, मेन स्विच तसाच चालू ठेवला आणि निघालो.

त्यानंतर लाइट बऱ्याचदा गेली आणि आली. हिराबाय सांगते, खिडकी अंधारीच असते.

याचंही कारण मला माहीत आहे. मशीनच्या आत एक गोल सेल असतो, तो संपला की अशा साऱ्या सोयी पुसल्या जातात. नवा सेल आणून मी टेबलाच्या खणात ठेवला आहे. जाऊन बसवायला हवा... पण मला भीती वाटते, जुना काढून बघितला आणि तो चांगला निघाला तर?