हॉटेल मैदानचे पंचभाऊ

एकदा दिलेला निर्णय पंचभाऊंनी कधी फिरवला नाही. मैदानावर नाही, लग्नाच्या बैठकीत नाही, घरच्या भाजीतही नाही. "दिला म्हणजे दिला," म्हणत हात वर करायचे, की विषय संपला. बायको एकदा म्हणाली, "वांगे कडू निघाले, दुसरं काही करतो." भाऊ म्हणाले, "सकाळी वांगे म्हटलं ना? मंग वांगेच." आणि ती कडू वांगी त्यांनी एकट्यानं बसून संपवली.

त्यांचं खरं नाव रेशन कार्डावर असेल. घुग्घुसमध्ये ते पंचभाऊच. कोळसा खाणीत नोकरी आणि सुट्टीला कबड्डीची पंचगिरी. पार एटापल्लीकडच्या गावांतूनही त्यांना बोलावणं यायचं. एका अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईला त्यांनी सख्ख्या पुतण्याला बाद दिलं आणि स्वतःचं गाव हरवलं. परत येताना गावातलं कोणी त्यांना गाडीवर घेईना. जिंकलेल्यांनी ट्रॅक्टरमध्ये बसा म्हटलं, तर भाऊच बसेनात. "त्यांच्या गाडीत बसलो तं लोक म्हणतीन, ठरवून दिलं." चालत आले.

मी मुलींच्या संघात खेळायची, तेव्हापासून ते मला ओळखत. पुढे मी बी.कॉम. झाले. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. वडील सिमेंटची पोती उचलायचे, त्यांनी माझी पदवी काचेत बसवून दारासमोर लावली. नोकरी मात्र लागत नव्हती. येणारेजाणारे काचेकडे बघून विचारत, "मंग? कुठी लागली पोरगी?" अशात भाऊ खाणीतून निवृत्त झाले आणि एक दिवस आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. "हॉटेल टाकून राह्यलो. कबड्डीचं. तू मॅनेजर."

"कबड्डीचं हॉटेल म्हणजे काय भाऊ?"

"ये तं खरी."

जाऊन बघते तर काय, टिनाच्या मोठ्या शेडमध्ये त्यांनी अख्खं मैदान आखलं होतं. भिंतीवर जुन्या संघांचे फोटो, दारावर पाटी, 'हॉटेल मैदान'. तर्री पोह्याचं नाव चढाई, आलुबोंड्याचं पकड, आणि पोटभर थाळी म्हणजे लोण. खाली फरशी नव्हती. ज्या ज्या मैदानावर भाऊ पंच म्हणून उभे राहिले, तिथली माती त्यांनी पोत्यांतून आणून, चाळून, पाणी मारून बसवली होती. तिच्यावर पांढऱ्या रेघा, रेघांमध्ये बुटके पाट, आणि बसायला चटया. मैदानात कोणी चप्पल घालून उतरतं का? म्हणून पादत्राणं बाहेर. हा भाऊंचा पहिला निर्णय.

सुरुवातीला गर्दी झाली. खेळणारी पोरं आत येताना वाकून मातीला हात लावायची. दोन गिऱ्हाइकं एका पाटावरून भांडली, तेव्हा भाऊंनी गल्ल्यावरून शिट्टी मारली. "निळा शर्ट आधी टेकला. लाल शर्ट, बाहेर थांब." लाल शर्टवाला हसत बाहेर जाऊन थांबला. एकानं ताटात धूळ येते म्हणून कुरकुर केली. भाऊ म्हणाले, "घुग्घुसात धूळ कुठी नाई? हे तरी मैदानाची हाय."

स्वयंपाकाला इंदूबाई होती. नवरा गेल्यावर वीटभट्टीवर राबायची, तिथे तिला खोकला जडला. आमच्याकडे आल्यापासून तो खोकला थांबला होता. तिच्या लोण थाळीतला भात संपायचा, पण लोक उठायचे नाहीत.

नव्याची नवलाई ओसरली, तसं दुखणं वर आलं. घुग्घुसात हॉटेल चालतं ते खाणीतल्या पाळीवरून येणाऱ्या लोकांवर, आणि पाळीच्या लोकांच्या पायात घोट्यापर्यंत लेसचे बूट. अर्धी सुट्टी ते सोडण्या-घालण्यात जाणार. मोटरसायकली दारात थांबायच्या आणि 'पादत्राणं बाहेर' ही पाटी वाचून पुढच्या ढाब्याकडे जायच्या. एक ड्रायव्हर तर बाहेरूनच ओरडला, "जेवायले आलो भाऊ, देवदर्शनाले नाई!"

मी म्हटलं, "भाऊ, फरशी टाकू. बूट आत येऊ द्या. तुम्ही स्वतः खाणीत होते ना?"

"होतो. बूट काढूनच जेवलो जन्मभर."

"पण लोक..."

"दिला म्हणजे दिला, मॅनेजरबाई."

महिने गेले. पाट रिकामे राहू लागले. एका दुपारी इंदूबाई हात पुसत बाहेर आली. "भाऊ, रागावू नोका. सोमवारपासून मी भट्टीवर जातो."

"काऊन?"

"इथी दिवसभर कोणासाठी रांधू? उद्या तुम्ही बंद कराल, तवा भट्टीवालाही घेणार नाई."

भाऊ उठून बाहेर गेले. संध्याकाळपर्यंत दारात बसून राहिले. दुसऱ्या दिवशी गवंडी आला. मी विचारलं, "माती काढून कुठे टाकायची?" ते म्हणाले, "काढू नोको. तिच्यावरच टाक फरशी." आणि काम संपेपर्यंत शेडमध्ये आले नाहीत.

हॉटेल चाललं. आजही चालतं. टेबलं आली, बूट आले, पाळी सुटली की जागा मिळत नाही. इंदूबाईच्या हाताखाली आता दोघी आहेत. फरशी टाकणं बरोबर होतं, हे मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते. पण त्या हिवाळ्यात सामन्यांचं बोलावणं घेऊन माणसं आली, तेव्हा भाऊंनी हात जोडले.

"ज्यानं निर्णय फिरवला, त्यानं शिट्टी वाजवू नये."

मी चिडले. "अहो भाऊ, तो हॉटेलचा निर्णय होता!"

"शिट्टीले का मालूम, हॉटेल कोणतं अन् मैदान कोणतं?"

कोणाचंच ऐकलं नाही. हळूहळू त्यांनी सगळा कारभार माझ्यावर सोडला. पुढे ते मुलीकडे एटापल्लीला राहायला गेले. जाण्याच्या थोडं आधी मी त्यांना आग्रहानं सामना बघायला घेऊन गेले होते. रेघेला लागूनच बसलो. पंच नवखा होता. शेवटच्या चढाईत पोरगा पकडीतून सुटून मधल्या रेघेकडे झेपावला, आणि हात पोचला की नाही यावरून दोन्ही संघ एकमेकांच्या अंगावर गेले. पंच गोंधळला. शेवटी दोन्ही कप्तान आमच्यापुढे येऊन उभे राहिले. "पंचभाऊ, तुम्ही अगदी समोरच होते. तुम्ही म्हणाल ते आम्हाले मंजूर. हात लागला का नाई?"

भाऊंनी गळ्यातला दुपट्टा सारखा केला.

"मले दिसलं नाई," ते म्हणाले.

पोरं परत गेली. हात रेघेला लागला होता. मी शेजारी बसून पाहिलं होतं, आणि माझ्याआधी भाऊंनी पाहिलं होतं.