शेवटच्या दारापाशी ठेवलेली भाकरी

मी कुपवाडच्या एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवतो. मशीनला जेवढं सांगाल तेवढंच ते करतं, यावर माझं पोट आहे... त्यामुळे असले अनुभव सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगलच केली. आता मीच लिहायला बसलोय, तर तुम्हीही करून घ्या.

गोष्ट एका गेमची आहे. नाव मुद्दाम सांगत नाही. तलवारी-कुऱ्हाडींचा ॲक्शन आरपीजी – राक्षसांच्या झुंडी कापत सुटायचं, पडलेली हत्यारं उचलायची, अंगात बळ वाढवत पुढच्या दाराकडे जायचं. माझा चुलतभाऊ अमोलदादा आणि मी तो मिळून खेळायचो. दादा फौजेत होता. तो सुट्टीवर उंब्रजला आला की मी सांगलीहून मोटारसायकल काढायचो आणि आमची दुपार त्या टीव्हीसमोर जायची. वहिनी चहा ठेवून जायच्या, तो गार व्हायचा.

गेम चांगला की वाईट, यावर आमची कायम भांडणं. मला मारामारी आवडायची. कुऱ्हाड जड आहे हे हातातल्या कंट्रोलरला कळतं, घाव बसला की मनगटापर्यंत हादरा येतो. भाला घेतला तर सगळी चालच बदलावी लागते. हे फार कमी गेमना जमतं. पण बाकी बोंब! गोष्ट म्हणजे नावापुरती, त्याच त्या गुहा रंग बदलून पुन्हा. सामानाची पिशवी एवढीशी, की एक ढाल घ्यायची तर दुसरं काहीतरी फेकावं लागतं. दुसरा माणूस नसेल तर त्याचं पात्र कॉम्प्युटर चालवतो, आणि तो सोबती महाबावळट. भिंतीला डोकं लावून चालत राहतो. मागोमाग येतो, मारतो, बस्स. काही उचलत नाही, काही ठेवत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गेम संपला की जुनी पात्रं पुसली जातात, सगळं नव्याने सुरू. दादाने त्याचा गडी फार हौसेने बनवला होता – झुबकेदार मिशा, खांदे जरा झुकलेले, थेट आमच्या आजोबांसारखा.

दादाची एक खोड होती. आमच्याकडे रानात जेवायला बसलं की आधी भाकरीचा तुकडा मोडून बांधावर ठेवतात, मग आपण खायचं. गेममध्ये जखम भरायला गोल पाव मिळतो, त्याला दादा भाकरीच म्हणायचा. प्रत्येक मोठ्या दाराआधी तो त्यातली एक काढून उंबऱ्याजवळ टाकायचा. मी वैतागायचो, अरे पुढे राक्षस आहे, लागेल ती.

"आधी बांधाला रं," तो म्हणायचा. "मग आपुन."

शेवटचं दार तेवढं राहिलं होतं. पुढच्या सुट्टीत उघडू म्हणून तो गेला आणि डोंगरातल्या रस्त्यावर त्यांची गाडी दरीत गेली.

दहाव्याला नदीवर सगळा गाव होता. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर बसून नुसता बघत होता. धाकटे चुलते पुढे झाले, दादाच्या पोरीचं शिक्षण करतो म्हणाले. कुणी म्हणालं, आईला अंतर देणार न्हाई. कावळा ढिम्म. मग तात्या, म्हणजे दादाचे वडील, खालच्या आवाजात म्हणाले, "काय ऱ्हायलंय त्येचं? कुणाला ठावं आसंल तर बोला की."

मी हे मानत नाही. तरी पुढे गेलो, वाकलो आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणालो, "दादा, आपला गेम मी पुरा करतो."

कावळा आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. मानत नाही म्हणतो, पण मला ते फार लागलं. माझ्याही शब्दाने तो खाली आला नाही, हे.

वहिनींनी गेमचा कन्सोल माझ्याकडेच दिला. दुसरा कंट्रोलर मात्र त्यांनी दादाच्या वर्दीशेजारी कपाटात ठेवला. माझी खोली सांगलीत, एकट्याची. खोलीतला जोडीदार लग्न होऊन गेला, मी मेसचा डबा खातो, सुट्टीच्या दिवशी बोलायला भिंत. कित्येक महिने त्या कन्सोलला मी हात लावला नाही. मग एका सुट्टीच्या दुपारी ठरवलं, की शब्द दिलाय तर संपवून टाकू. दादाच्या हौसेचा गडी पुसला जाणार हे ठाऊक होतं. पण त्याच्यासाठी करण्यासारखं माझ्या हातात आता तेवढंच उरलं होतं.

शेवटच्या दारापुढे दोन दगड आहेत. एकावर आपण उभं राहायचं, दुसऱ्यावर सोबती, मग दार उघडतं. बावळट असला तरी एवढं तो बिनचूक करतो; दादा उठून गेला की जुनी दारं मी एकट्याने खेळायचो, तेव्हा प्रत्येक वेळी केलं होतं. मी माझ्या दगडावर उभा राहिलो. मिशीवाला गडी मागून आला... आणि दगडावर न जाता उंबऱ्याजवळ थांबला. वाकला. भाकरी खाली ठेवली.

मी खुर्चीत तसाच. खिडकीतून ऊन आत आलेलं, बाहेर भंगारवाला ओरडत चाललेला.

वाट बघितली. तो दगडावर जाईना. गेम बंद करून पुन्हा लावला – तसंच. मागे जाऊन पुन्हा आलो – तसंच. भाकरी ठेवायची आणि दाराकडे पाठ करून उभं राहायचं. चार दुपारी मी हेच करत होतो. शेवटी वैतागलो की रडवेला झालो, माझं मलाच कळलं नाही. रिकाम्या खोलीत मोठ्यांदा म्हणालो, "बरं दादा. न्हाई संपवत. ऱ्हाऊ दे आपला तसाच."

गडी वाकला. भाकरी उचलली आणि आल्या वाटेने चालू लागला, माझ्याकडे न बघता.

मला त्या क्षणी बाभळीवरचा कावळा आठवला. पुरा करतो म्हणालो होतो मी... तेच त्याला नको होतं.

नंतर मी जिथे विचारता येईल तिथे विचारलं. हा गेम खेळणाऱ्यांनी सांगितलं, कॉम्प्युटरचा सोबती काही ठेवूच शकत नाही, तशी सोयच नाही. एकजण म्हणाला, अपडेट आलं असेल. माझ्या खोलीत तो कन्सोल कधी नेटला जोडलेलाच नाही. आता मी सुट्टीला जुन्याच गुहा फिरतो. सोबती पुन्हा भिंतीला डोकं लावून चालतो. पुन्हा तसं कधी झालं नाही.

गेल्या वेळी उंब्रजला गेलो तेव्हा वहिनींना सगळं सांगितलं. वाटलं होतं, हसतील किंवा रागावतील. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग एवढंच विचारलं, "भावजी, भाकरी घेतली का त्येंनी?"

"घेतली," मी म्हणालो.

"मग बरं," म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.